लाल ठिपक्यांचा नकाशा

फोतिनीकाकूंनी मोबाईल टेबलावर असा आपटला की अर्गिरोची कॉफी बशीत सांडली.

"हे बघ. आग लागायच्या आधीच नकाशा तयार होता. एकेक लाल ठिपका म्हणजे एकेक पवनचक्की. त्यांच्यासाठीच आमचा डोंगर जाळला."

कॉफीच्या दुकानातल्या सगळ्या माना डोलल्या. हे अर्गिरोचं आजोळ; ती अथेन्सला व्हायरल बातम्या तपासायची नोकरी करत होती आणि याच नकाशात तिचे आठ दिवस गेले होते. तो दुसऱ्याच बेटाचा होता. आगीनंतर तीन आठवड्यांनी कुणीतरी त्यावर या गावाचं नाव चिकटवलं होतं. तिने मूळ नकाशा शेजारी ठेवला, तारखा दाखवल्या. काकूंनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं आणि तू नक्की कुणाच्या बाजूची, एवढंच विचारलं. त्यांचा नवरा शेळ्या सोडवायला धुरात शिरला तो परत आला नव्हता. त्यांच्याशी वाद तरी काय घालणार?

तसं या कामात यश कुणाला आलंय? एक खोटं खोडून होईतो दहा नवी उगवतात. आभाळच फाटलं तर ठिगळ लावणार कुठं कुठं! आपलं लिखाण वाचून ज्याने मत बदललं असा एकही माणूस चार वर्षांत अर्गिरोला भेटला नव्हता.

पण ऑफिसचा नियम होता: नुसतं 'खोटं' म्हणून सुटायचं नाही, खरं काय तेही लिहायचं. आणि खरं काय ते आदल्या दिवशीच तिच्या हाती आलं होतं. अग्निशमन दलाच्या अहवालात लिहिलं होतं की आग ओढ्याकाठच्या मधपेट्यांपाशी सुरू झाली. मधमाश्यांना धूर द्यायचा पत्र्याचा भाता तिथं आडवा पडलेला सापडला. काम झालं की आतला विस्तव विझायला त्याच्या तोंडात ओलं गवत कोंबायचं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अहवालात मालकाचं नाव नव्हतं. पण ओढ्याकाठी पेट्या एकट्या थिमिओसमामाच्या होत्या.

या मामाने तिला लहानपणी खांद्यावर बसवून हे सगळं रान दाखवलं होतं. मामाकडे जाताना ती वाटेत दोनदा थांबली. 'कारण अद्याप अस्पष्ट' एवढंच लिहून चालेल का, याचा ती विचार करत होती. नोकरीत पहिल्यांदाच तिला खोटं लिहावंसं वाटत होतं.

मामाने अहवाल ओळीवर बोट ठेवून वाचला आणि घडी घालून परत दिला.

"मोहोळ पेटी सोडून उडालं," तो म्हणाला. "मी त्याच्या मागं धावलो. गवत कोंबायचं राहून गेलं."

"मामा, तुझं नाव नाही आलेलं. मी लिहिलं नाही तर कुणाला कळणार नाही."

"मीच सांगितलंय."

तिला समजेना.

फोतिनीकाकूंच्या नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर मामा चर्चच्या अंगणात उभा राहिला होता. मृताच्या नावाने वाटलेले उकडलेले गहू हातात घेऊन सगळा गाव समोर होता, आणि त्याने सगळं सांगून टाकलं होतं. तोवर नकाशा घराघरांत पोचला होता. पेट्या जळाल्या आणि बिचाऱ्याचं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. पवनचक्क्यांच्या कंपनीवाल्यांनीच धमकावून हे वदवून घेतलं असणार, असंही काही जण म्हणाले. फोतिनीकाकूंनी त्याला हाताला धरून घरी आणून सोडलं. तेव्हापासून त्या रोज दुपारी त्याच्यासाठी जेवण घेऊन येतात, शेजारी बसून घास संपेपर्यंत उठत नाहीत, आणि हे सगळं ज्यांनी केलं त्यांना शिव्याशाप देत राहतात.

"तो घास गिळवत नाही गं," मामा म्हणाला.

मग खुर्ची जवळ ओढून त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"तू लिही पोरी. माझ्या नावानिशी लिही. तू शिकलेली, अथेन्सची. तुझ्यावर तरी विश्वास ठेवतील ना?"

अर्गिरोने पुष्कळ प्रयत्न केला, पण तिला 'हो' म्हणवेना.