ऑर्गन आल्यावर

डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये सुजाता नर्स होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी. सात नंबरच्या खुर्चीवर दोन वर्षांपासून डॉन चेंचो यायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, टेक्सासमध्येच जन्मलेले मेक्सिकन वंशाचे गृहस्थ. आपण नाना, अण्णा म्हणतो तसं सगळे त्यांना डॉन म्हणायचे. ते सुजाताला ‘मीहा’ म्हणायचे, म्हणजे पोरी.

जानेवारीत चार नंबरवर एक नवे पेशंट आले, लालो त्रेविन्यो. डॉन चेंचोंनी त्यांना पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“ओळखता का त्यांना?” सुजाताने विचारलं.

“ओळखत होतो.”

त्या दिवशी त्यांचं ब्लड प्रेशर काही केल्या खाली येईना.

पुढच्या काही आठवड्यांत गोष्ट तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. दोघं दक्षिण टेक्सासमधल्या एकाच गावचे. दोघांचे आईबाप कापूस वेचायचे, पोरंही शेतातच वाढली. सतरा वर्षांचे असताना त्यांनी बँड काढला. चेंचो अकॉर्डियन वाजवायचे, लालो गायचे.

“माझे बाबा नागपुरात पेटी वाजवायचे,” सुजाता म्हणाली. “भीमगीतांची पार्टी होती त्यांची. वस्त्यावस्त्यांतून कार्यक्रम असायचे.”

“मग तुला कळेल. आम्ही लग्नांत वाजवायचो, चर्चच्या अंगणात वाजवायचो. गावोगावी जायचो तेव्हा मेक्सिकन म्हणून मोटेलवाले आम्हाला खोली द्यायचे नाहीत. गाडीतच झोपायचो. लालो घोरायचा. मी त्याच्या तोंडावर हॅट ठेवायचो.” ते हसले.

दोन वर्षांनी लालोंनी एक ऑर्गन आणला, विजेवर चालणारा. गावातल्या हॉलमध्ये नाच होता, माणसं येऊन बसली होती. चेंचोंची आई पहिल्या रांगेत होती. चेंचो अकॉर्डियन गळ्यात अडकवून स्टेजवर चढले, तेव्हा लालो सगळ्यांसमोर म्हणाले, “ते गाडीत ठेवून ये. आजपासून त्याची गरज नाही.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“गाडीत ठेवायला गेलो. परत आत आलोच नाही. आई एकटीच चालत घरी आली.”

त्या ऑर्गनने बँडचं नाव झालं. तसा आवाज टेहानो, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांच्या गाण्यांत आधी कुणी ऐकला नव्हता. मग बाकीचे बँडही तसंच वाजवू लागले. चेंचो डॅलसला आले आणि छपरं घालण्याच्या कामाला लागले. एकोणसाठ वर्षं दोघांत एक शब्द नव्हता. आणि आता दोघांमध्ये फक्त दोन खुर्च्या.

लालोही विचारायचे. “तो अजून वाजवतो का?”

“दुसऱ्या पेशंटबद्दल मला काही सांगता येत नाही, सर.”

“बरोबर आहे,” म्हणायचे. पण नजर सात नंबरवरच.

मेमधल्या एका गुरुवारी लालो तिला हळूच म्हणाले, “आजचा शेवटचा. मशीन आता पुरे झालं. डॉक्टरांना सांगितलंय, मुलीलाही सांगितलंय. इथे कुणाला सांगू नकोस.”

सुजाताला याचा अर्थ माहीत होता. डायलिसिस थांबवलं की फार तर आठ-दहा दिवस.

निघताना ते वॉकर टेकत सात नंबरपाशी आले. डॉन चेंचोंचे डोळे मिटलेले होते. लालो जरा वाकले.

“चेंचो,” त्यांनी हाक मारली. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

पापण्या हलल्याचं सुजाताला दिसलं. त्या उघडल्या मात्र नाहीत. उठवावं का, असं तिच्या मनात आलं. पण काय सांगून उठवणार? लालोंनी ब्लँकेटवर हात ठेवला, काढून घेतला आणि ते गेले.

शनिवारी चार नंबर रिकामी होती. मंगळवारीही. “दिवस बदलून घेतला का त्याने?” डॉन चेंचोंनी विचारलं. सुजाताने मान खाली घालून मशीनचे आकडे लिहिले.

दुसऱ्या शनिवारी लालोंची मुलगी सेंटरमध्ये आली. ती सरळ सात नंबरकडे गेली. “डॅड बुधवारी गेले. ते म्हणाले, तुम्हाला भेटायला गेलो होतो, पण तुम्ही झोपला होता.”

“हो,” डॉन चेंचो म्हणाले. “झोपलो होतो.”

ती गेली. चार तास संपल्यावर सुजाताने त्यांच्या हातातली सुई काढली. रक्त थांबेपर्यंत दहा मिनिटं तिथे दाबून धरावं लागतं.

“मी जागा होतो, मीहा.”

“माहीत आहे मला.”

“वाटलं, आणखी थोडं झुरू दे त्याला. शनिवारी बोलू.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तुला ठाऊक होतं, तो पुन्हा येणार नाही ते?”

“हो.”

तिला वाटलं, आता हे आपल्यावर चिडतील. ते चिडले नाहीत. मोकळ्या हाताने त्यांनी डोळे पुसले.

सोमवारी ते अंत्यविधीला गेले. मागे बसले होते, पण लालोंच्या मुलीने हात धरून त्यांना घरच्यांच्या रांगेत नेलं. तिथे एका तरुणाने विचारलं, “आजोबांना तुम्ही कुठून ओळखायचात?” “एकाच गावचे,” एवढंच ते म्हणाले.

हे त्यांनी मंगळवारी सुजाताला सांगितलं. नंतरचे चार तास ते छताकडे बघत पडून राहिले. तीही मधूनमधून येऊन मशीन बघत राहिली, आणि दर खेपेला त्यांच्या पायांवरून घसरलेलं ब्लँकेट वर ओढत राहिली.