आत्याला धरून

माझ्या अर्थशास्त्राच्या प्रबंधावरचं सगळं भांडण एका ओळीचं होतं. ‘प्रत्येकाकडे सुरुवातीला सगळ्या वस्तू थोड्याथोड्या आहेत, असं मानू.’ एवढं मानलं की देवाणघेवाण सुरू होते, भाव ठरतात, मागणी-पुरवठा जुळतो आणि बाजाराचा समतोल सिद्ध होतो. नाही मानलं, तर सिद्धता मध्येच कोसळते.

मी ती ओळ खोडली. माझे मार्गदर्शक सर भडकले.

“सगळं जग मानतं, तुलाच काय धाड भरलीय? सोमवारपर्यंत ओळ परत घाल, मी सही करतो. नाहीतर या प्रबंधावर मिळणारी कॉलेजातली नोकरी विसर.”

“पण सर, ज्याच्याकडे नुसते दोन हात आहेत आणि त्या हातांना भावच नाही, त्यानं काय करायचं?”

“त्याला मॉडेलमध्ये घ्यायचंच नाही!”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आईबापामागे मला वाढवलं ते आत्यानं, कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करून. मग काजं करणारं यंत्र आलं आणि तिच्या हातांचा भाव शून्यावर आला. मालक खूश, गिऱ्हाईक खूश. समतोल म्हणाल तर अगदी झकास! आत्या तेवढी घरात भिंतीकडे बघत बसायची.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल. कसलं काय!

“म्हणजे मला वगळलं की तुला नोकरी मिळते?”

“हो.”

“मग वगळ की बाई! मी काय रुसून बसणारेय? हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागतेस?”

“नाही वगळणार.”

“अगं, कागदावरच तर वगळायचंय. घराबाहेर थोडीच काढायचंय मला?”

“कारखान्यानंही आधी कागदावरच वगळलं होतं, आत्या.”

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

सोमवारी प्रबंध होता तसाच सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सही केली नाही. नोकरी गेली.

आत्यानं आधी मला मनसोक्त झापलं. गाढव, हट्टी, थेट माझ्या भावावर गेलीस मेली! मग दम खाऊन तिनं विचारलं, “मला धरून सुटतं का ते गणित?”

“अजून तरी नाही. कदाचित सुटणारही नाही.”

तिनं टेबलावरची भांडी उचलली, फडक्यानं टेबल कोरडं केलं आणि खुर्ची ओढून दिली.

“बस,” ती म्हणाली. “मी आहे तोवर सोडव.”