समाधीशेजारची जागा

फक्कीची पांढरी रेघ महादेवीच्या समाधीला व्यवस्थित वळसा घालून गेली आणि नेमकी माझ्या जागेवरून गेली. मी तिथंच उभा होतो. फक्की मारणारा म्हणाला, अप्पा, पाय उचला. मी मुकाट्यानं उचलला.

माझी जागा म्हणजे काय ते सांगतो. मी मडिवाळप्पा, पूर्वी कापडाचं दुकान होतं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन मातीत बसवतात. तळ्याकाठच्या आमच्या शेताचे प्लॉट पडून कधीच विकले गेले. मागं उरली ती काठाकाठाची एक पट्टी. महादेवी, माझी बायको, गेली तेव्हा तिला तिथं बसवलं. एका बाजूला तळ्याचा उतार, दुसऱ्या बाजूला प्लॉटवाल्यांची भिंत, आणि समाधी नि भिंतीच्या मध्ये एका माणसापुरती मोकळी जमीन. तिथं मी. हे ती धडधाकट असतानाच ठरलेलं होतं. तिथं तरी दुकान मांडून बसू नका, माझ्याशी बोलत बसा, असं तिनं मला बजावलं होतं.

बोलायला तिला फार लागायचं. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. "री" अशी मला हाक मारून ती जी सुरू व्हायची, ती दुकानात गिऱ्हाईक असो नसो, थांबायची नाही. मी वैतागायचो. बाई गं, जरा गप बस की, असं आयुष्यभर म्हणत आलो आणि देवानं नको ते ऐकलं. आता घरात मिक्सरचासुद्धा आवाज होत नाही. एकट्यासाठी चटणी कोण वाटतं? मुलगा शिवकुमार हैदराबादेत असतो. रविवारी फोन करून जेवलात का विचारतो, मी हो म्हणतो, संपलं.

अशात दिवाळीनंतर नगरपंचायतीची इंजिनिअर घरी आली, प्रियदर्शनी नावाची. मॅडम म्हणावं तर वय नातीचं. तळ्याभोवती चालण्यासाठी हिरवी वाट करायची सरकारची योजना आली होती. दोन्हीकडं झाडं, मध्ये पेव्हर ब्लॉक, बसायला बाक, रात्री दिवे. निधी मंजूर होता, पण काठाची जमीन सलग मिळाली तरच, आणि मध्ये माझी पट्टी. मी चहा केला. फार दिवसांनी दोन कप निघाले होते, त्या गडबडीत साखर जास्त पडली. तिनं विनवणी सुरू करायच्या आत मी जमीन देऊन टाकली, फुकट. शिवकुमार फोनवर चिडला. त्याला काय सांगणार? मला वाटलं, रोज बायकापोरं महादेवीजवळून बोलत जातील, तिला बरं वाटेल. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं असतं. एकच अट घातली, समाधीला हात लागता कामा नये.

पोरीनं शब्द पाळला. मूळ आखणीत वाट सरळ समाधीवरून जात होती. तिनं लातूरला खेटे घातले, साहेबांची बोलणी खाल्ली आणि वळणाचा नकाशा मंजूर करून आणला. आता ती माझ्यासमोर उभी होती, ओढणीला फक्की लागलेली, चेहरा शाबासकी मागणारा.

"अप्पा, बघा. समाधीला धक्काबी लागला न्हाई."

मी छान म्हटलं. मग म्हटलं, वाट तळ्याच्या अंगानं नेता आली तर बघ. तिकडं उतार आहे, ढासळेल, म्हणाली. मग जरा अरुंद कर. तेही जमत नव्हतं. चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंदी वरूनच ठरलेली, कमी केली की बिल अडतं. मी आणखी काहीबाही सुचवत राहिलो तेव्हा तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि काय झालंय ते विचारलं.

आता हे सांगायचं कसं? नातीच्या वयाच्या पोरीला, तेही कामावरची माणसं कान देऊन ऐकत असताना? जमीन देताना मला हे सुचलंच नाही, कारण माझ्या डोळ्यांना ती जागा कधी मोकळी दिसलीच नव्हती.

"इथं मी हाय," मी म्हटलं. "म्हंजे, होणार हाय. तिच्या शेजारी."

ती वाकली आणि हातानंच फक्की पुसायला लागली. मी तिला उठवलं.

मग तिनं हळू आवाजात मला सगळं समजावलं. योजनेत जुनी झाडं वाचवता येतात. देऊळ, मजार, समाधी वाचवता येते. जे जमिनीवर उभं आहे ते नकाशात दाखवता येतं. माणसानं मनात धरून ठेवलेली जागा दाखवता येत नाही. नकाशा पुन्हा बदलायचा तर काम थांबणार, आणि मार्च तोंडावर आलेला. मार्चअखेर खर्च झाला नाही की निधी परत जातो आणि वाट राहते कागदावर. तरी ती थांबवायला तयार होती. तुम्ही फक्त नाही म्हणा, पुढचं मी बघते, म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

"न्हाई पोरी," मी म्हटलं. "मला काय, गावच्या स्मशानात कुठंबी बसवतील. तिला आत्ता सोबत पाह्यजे. लई दिवस झाले, एकटी बसून राहिली ती."

"आन् तुम्ही?"

मी फक्कीवाल्याला हाक मारली आणि पुसलेली रेघ पुन्हा मारायला सांगितली.

घरी येऊन मी रडलो. महादेवी गेली तेव्हा माणसं भोवती होती, इतकं रडता आलं नव्हतं.

वाट झाली. फीत कापली, फोटो निघाले. सुरुवातीला माणसं यायची. एक-दोघी समाधीपुढं हात जोडायच्या. कोण आलं, कुणाची सून होती, मी महादेवीला सगळं सांगायचो. मग एकेक करून दिवे गेले. झाडांना पाणी घालायला माणूस मिळेना. योजनेत वाट बांधायला निधी होता, राखायला नव्हता. प्रियदर्शनीची बदली माहूरला झाली. जाताना पाया पडून गेली बिचारी. श्रावणापर्यंत गाजरगवत कमरेला लागलं आणि माणसं पुन्हा डांबरी रस्त्यानं फिरायला लागली.

मग मी खराटा घेतला. सगळी वाट माझ्यानं होत नाही. समाधीचं वळण तेवढं रोज झाडतो. माझ्या जागेवर शेवाळ धरतं, ते घासून काढतो. कुणी आलंच तर घसरून पडायला नको.

काल एक बाई आली. नव्या प्लॉटमधली असावी, मी ओळखत नाही. कानात वायरी घालून भराभर चालत होती. वळणावर मला बघून थांबली आणि एका कानातली वायर काढली.

"बाबा, तुम्हाला नगरपंचायतीनं ठेवलंय का?"

"हाव," मी म्हटलं.

ती बरं म्हणाली, वायर परत कानात घातली आणि माझ्या जागेवरून पुढं गेली. गवताच्या आड दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडं बघत उभा होतो. मग खाली बसलो आणि महादेवीला सांगितलं, आज एक आली होती.