तळ्यातली सळई गप्प झाली, तर

बोलतेय ती मी, सिऊकिमच्या मत्स्यतळ्यातली सळई. पाय पाण्यात, डोक्यावर तळहाताएवढा सौरपत्रा. पाण्यात प्राणवायू किती उरलाय ते मोजायचं आणि काठावरच्या पेटीला बिनतारी हाक मारून सांगायचं, हा माझा धंदा. आकडा घसरला की पेटी पाणी घुसळणारी चाकं सुरू करते. काम सोपं आहे. ऐकणारा हवा फक्त.

मला बसवलं त्या दिवशी सिऊकिमच्या नवऱ्यानं, तिएनशेंगनं, पेटीवर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवली. आमच्या ताइनानकडे यंत्रं बिघडू नयेत म्हणून तशी ठेवतातच, नैवेद्यासारखी. म्हणजे खा, शहाण्यासारखी वाग, कटकट करू नकोस. मला तेव्हाच राग आला. अरे, कटकट करायलाच तर मला आणलंय.

पुढे बर्फाचा ट्रक चालवणारा बुनहिओंग रोज दुपारी तळ्याकाठी डुलकी काढायला थांबू लागला. आपण कुठे लोळतोय ते मालकाला कळू नये म्हणून त्यानं गाडीत एक डबी लावली होती. ती आसपासच्या सगळ्या बिनतारी हाका बुडवते. त्यात माझीही.

एका ढगाळ, वारा पडलेल्या दुपारी तळं गुदमरू लागलं. मी हाक मारली. पुन्हा मारली. पेटीपर्यंत काहीच पोचलं नाही, आणि ती बया माझा सकाळचा चांगला आकडा उराशी धरून बसली. सिऊकिमचं वर्षाचं पीक पाण्यावर येऊन तोंडं वासू लागलं. तिनं धावत येऊन हातानं चाकं सुरू केली, तोवर निम्मे मासे उलटे तरंगत होते.

"पुडी शिळी झाली असेल," तिएनशेंग म्हणाला.

"ताजी आहे. म्हणून तर गप्प बसली. गप्प बसली की शहाणी, बायको असो नाहीतर यंत्र. तुमचं हे असंच."

मग तिच्या ध्यानात आलं, ट्रक आला की तिचा फोनही मरतो. तिनं जाऊन ट्रकचं दार बडवलं.

"काय लावलंयस रे आत?"

"काही नाही काकू, जरा डोळा लागावा म्हणून…"

"तुझा डोळा लागतो आणि माझे मासे उघड्या डोळ्यांनी मरतात. काढ ते."

त्यानं काढलं. पण माणसाच्या शब्दावर तळं सोडणारी ती नव्हे. दुरुस्तीवाल्याला बोलावून तिनं मला हाक पोचवायच्या नव्या वाटा शिकवल्या. एक अडली की मी दुसरी धरते, आणि एरवी बडबड न करता बॅटरी वाईट वेळेसाठी राखते. पेटीलाही तंबी मिळाली: हिची हाक आली नाही, तर सगळं ठीक आहे असं धरायचं नाही. चाकं फिरवायची.

परवा बुनहिओंग परत आला, आणखी दांडगी डबी घेऊन. माझ्या सगळ्या वाटा बंद झाल्या. मी गप्प झाले. आणि चाकं गरजली. पाणी उडालं ते उघड्या खिडकीतून थेट त्याच्या तोंडावर.

"काकू, तुमची सळई बिघडलीय."

"बिघडली नाही. तुला शिव्या देतेय."

पेटीवरची ती हिरवी पुडी सिऊकिमनं तिथंच फोडून खाल्ली, नवऱ्यालाही विचारलं नाही.

माझा पत्रा आता खाऱ्या वाऱ्यानं पांढरा पडलाय. पडू दे. माझ्यासारखी एखादी तुमच्या धरणावर, पुलावर बसवलेली असेल, तर तिचं गप्प बसणं शुभ मानू नका. आणि डबीवाल्यांनो, तुम्ही माझा आवाज दाबाल. माझं गप्प बसणं कसं दाबाल?