पाण्याच्या दिवसाची किल्ली

आमच्या शहरात नळाला पाणी सहा-सात दिवसांनी येतं, हे आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. वार कळतो, वेळ कळत नाही. पहाटे चारला येईल, नाहीतर भर दुपारी. म्हणून पाण्याच्या दिवशी प्रत्येक घर एक माणूस घरी राखून ठेवतं. ज्याच्याकडं राखायला माणूसच नाही, त्यानं काय करावं? हडको एन-अकरा वसाहतीतली प्रेरणा नरवडे जे करत होती तेच. कामाला निघताना खोलीची दुसरी किल्ली घरमालकिणीच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "काकू, पाणी आलं तर माझं तेवढं पिंप भरून ठेवा."

यात गैर काहीच नाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच. पण वाचकहो, त्या शेजारधर्माची आपल्याकडं कशी घाण होते, ते ऐका.

घरमालकीण म्हणजे सत्यभामाबाई औताडे. नवरा पुंडलिकराव वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा-सून पुण्याला. खालचं घर स्वतःला, वरची एक खोली भाड्यानं. प्रेरणा वाळूजलाच औषधांच्या कंपनीत मालाची तपासणी करायची. सकाळी सहाला कंपनीची बस, परत यायला संध्याकाळचे पाच. आई कडूबाई खुलताबादजवळच्या गावात. एकटी मुलगी, गडबड नाही, गोंगाट नाही. सत्यभामाबाई अख्ख्या गल्लीला सांगायच्या, "पोरगी लई गुणाची. मी तिला पोटच्या पोरीसारखी मानते."

मानायच्या कशा, ते पाण्याच्या दिवशी दिसायचं. वर जाऊन पिंपात नळी सोडली की पिंप भरायला वीस मिनिटं लागायची. ती वीस मिनिटं बाई काय करायच्या? आधी ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उचलून नाक आत घालायच्या. सुकट केली होती का? मटण केलं होतं का? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. खोली देताना बाई मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या होत्या, "आम्ही असलं जातपात काही मानत नाय बरं का!" मानत नव्हत्या, फक्त पातेली हुंगत होत्या. त्यानंतर केराची बादली उचकायच्या, गादी वर करून बघायच्या. दोरीवर वाळत घातलेले पोरीचे आतले कपडेसुद्धा चिमटीत धरून उलटेपालटे करायच्या. शी! लिहितानाही किळस येते.

आणि हे सगळं खाली येऊन नवऱ्याला चहाबरोबर वाढायचं. पुंडलिकरावही बशी फुंकत विचारायचे, "बरं, मग? आणखी काय?" त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं, "अगं, तुला काय करायचंय?" तर पुढचं काही झालं नसतं. पण माणूस स्वतः झाकण उचलत नाही, बायकोनं उचललेलं मात्र त्याला चवीनं ऐकायचं असतं.

एका बुधवारी बाईंनी भिंतीतलं कपाट उघडलं. साड्यांच्या घड्यांखाली हात घातला, तर गोळ्यांचं पाकीट लागलं. पाकिटावरचं नाव ओळखीचं होतं. अगदी असंच पाकीट त्यांनी सुनेच्या पर्समध्ये पाहिलं होतं. म्हणजे बाईंनी सुनेची पर्सही सोडली नव्हती! पाळणा लांबवायला सून त्या गोळ्या घेते, हे बाईंना ठाऊक होतं. मग काय, निकाल लागला. बिनलग्नाची पोरगी आणि तसल्या गोळ्या! पिंप भरून वाहायला लागलं, फरशीवरून पाणी दाराबाहेर गेलं, तरी बाई पाकीट हातात धरून उभ्या.

नेमकी त्याच दिवसांत प्रेरणाची सोयरीक जुळत आली होती. मुलगा विश्वजीत, औरंगपुऱ्यात मावशीकडं राहणारा आणि तिथल्याच एका पतपेढीत कामाला. दोघं दोनदा भेटली होती, मनं जुळली होती. गावाकडं कडूबाईनं भावकीत साखरपुड्याची तारीखही सांगून टाकली होती. राहिली होती फक्त चौकशी.

ही चौकशी आपल्याकडची जुनीच खोड आहे. मुलगी शहरात भाड्यानं राहत असली की तिच्या घरमालकाला गाठायचं आणि विचारायचं, मुलगी कशी आहे हो? जणू भाडं घेतलं म्हणजे चारित्र्याचा दाखला द्यायचा शिक्का पण हातात आला! मुलाला लहानपणापासून सांभाळणारी त्याची मावशी आली. सत्यभामाबाईंनी पोहे केले, पोरीचं कौतुक केलं. मग पदर सावरून पुढं सरकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "तसं आपल्याला काय करायचंय म्हणा, पण तुम्ही घरच्यासारख्या वाटल्या म्हणून सांगते..."

चौथ्या दिवशी मध्यस्थाचा कडूबाईला फोन गेला. सोयरीक मोडली. का मोडली, ते त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. कडूबाई सकाळच्या पहिल्या एसटीनं लेकीकडं आली. रविवार होता, आणि पाण्याचा दिवस होऊन एकच दिवस झाला होता.

सत्यभामाबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. सोबत शेजारच्या चतुराबाई होत्या. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. जिन्यावरून प्रेरणा खाली उतरली, मागं कडूबाई. पोरीच्या हातात ते पाकीट होतं.

"काकू, हे माझ्या कपाटात साड्यांखाली होतं. औरंगपुऱ्याच्या मावशींना ते कसं कळलं?"

बाईंचा चेहरा पडला. "अगं, मी पाणी भरायला गेले होते, तवा..."

"पिंप ओट्यापाशी आहे. कपाट पलीकडच्या भिंतीत."

सापडलेला माणूस एक तर रडतो, नाहीतर भांडतो. बाई भांडायला लागल्या. "मग? घर आमचं हाय! आमच्या घरात काय चाललंय ते बघायचं नाय का आम्ही? उद्या भलतंसलतं झालं तर पोलीस कोणाच्या दारात येतील?"

चतुराबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पाकिटावर नजर टाकली. "भामा, चाळीस वर्षं वाटल्यात मी ह्या गोळ्या. पाळीच्या तक्रारीवर पण डॉक्टर ह्याच देतात. कुवाऱ्या पोरींना देतात."

बाईंच्या अंगातलं वारंच गेलं. डोक्याला हात लावून त्या म्हणाल्या, "अगं माय! मग हे आधी नाय का सांगायचं? थांब, आत्ताच्या आत्ता त्या मावशीला फोन लावते. सांगते तिला, पोरीला पाळीचा त्रास हाय म्हणून. जुळंल सगळं परत!"

"काकू!" प्रेरणा इतक्या जोरात ओरडली की समोरच्या घरातून लोक डोकावले. "पुन्हा? पुन्हा माझंच कपाट उघडताय? मला काय होतं नि काय नाही, ते तुम्ही कोणाला सांगणार? कोण तुम्ही?"

तिनं आईकडं पाहिलं, आणि आल्या पावली जिना चढून वर गेली. मिनिटाभरात वरून धो धो पाणी आलं. प्रेरणानं पिंप गॅलरीत ओढून आडवं केलं होतं. ऐंशी लिटर पाणी! आणखी पाच दिवस नळाला थेंब येणार नव्हता. जिथं भाजी धुतलेलं पाणी लोक झाडांना जपून घालतात, तिथं पोरीनं भरलेलं पिंप रस्त्यावर ओतलं. पाणी ओसरीच्या पायरीवरून वाहत गेलं, निवडलेल्या गव्हाची रास भिजली.

"ते पाणी माझ्यानं पिववत नाही," वरून प्रेरणा म्हणाली. "ताटाला, कपड्यांना, कशालाच हात लावावासा वाटत नाही. सगळ्याची किळस येते. तुमचे हात कुठं कुठं लागलेत, मला काय माहीत!"

कडूबाई पुढं झाली. तिनं फक्त एवढं म्हटलं, "बाई, गावात मी सांगत व्हते, माझी लेक एकटी नाय, खाली घरमालकीण हाय." आणि ती पायरीवर बसून रडायला लागली.

सत्यभामाबाईंनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. ह्याच हातांनी आपण काय काय चिवडलं, ते त्यांना एकेक आठवायला लागलं, आणि त्यांना रडू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना स्वतःचीच शिसारी आली.

"भामा, आता रडू नको, ऐक," चतुराबाई कडक आवाजात म्हणाल्या. "गोळ्या पाळीच्या निघाल्या म्हणून तुला वाईट वाटायलंय का? आणि समजा, त्या तसल्याच असत्या, तर? तर तू केलंस ते बरोबर झालं असतं व्हय?"

बाई भिजलेले गहू सुपात ओढायला लागल्या, पण चतुराबाई थांबल्या नाहीत.

"घर तुझं हाय, कबूल. पण भाडं घेतलंस त्या दिवशी दाराच्या आतलं सगळं तिचं झालं. पोटची पोरगी कशाला मानतीस? भाडेकरू मान, तेवढं पुरतं. तुझ्याकडं करार तरी हाय का?"

"नाय. तोंडी बोललो होतो."

"झालं! अकरा महिन्यांचा करार लिहायचा, नोंदवायचा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची. तुझी पोलिसांची भीती तिथंच संपली असती. त्याच्यात लिहायचं की दुरुस्ती असली तर आदल्या दिवशी सांगून, ती घरात असतानाच वर जायचं. आणि ते पिंप आत कशाला? गॅलरीत ठेव, खालून नळी चढव. तुला तिच्या घरात शिरायची गरजच काय?" मग त्या वर बघून म्हणाल्या, "प्रेरणा, तुलाही सांगते बाळ. कुठंही राहायला गेलीस तर कुलूप स्वतःचं लाव. मालक कितीही गोड बोलू दे."

पुंडलिकराव दारात येऊन उभे होते. चतुराबाईंनी त्यांनाही सोडलं नाही. "आणि भाऊजी, तुम्ही नुसते ऐकत होता ना? ऐकणारा नसता तर हिनं सांगितलं कोणाला असतं?" पुंडलिकराव मान खाली घालून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्यभामाबाई औरंगपुऱ्याला निघाल्या. निघण्याआधी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या राहून, वर न चढता, त्यांनी प्रेरणाला हाक मारली. "त्या मावशीला माझी चूक सांगायला जाऊ का ग?"

"जा," प्रेरणा म्हणाली. "पण तुम्ही काय केलंत तेवढंच सांगा. माझ्याबद्दल एक शब्दही नको."

बाई गेल्या. मावशी होती, विश्वजीतही होता. बाईंनी हात जोडले. "मी त्या पोरीच्या माघारी तिचं कपाट उघडलं. मला तो हक्क नव्हता. जे सांगितलं ते माझ्या मनानं रचून सांगितलं. लई चुकलं माझं."

मावशी पुढं सरकली. "ते जाऊ द्या हो. पण गोळ्या होत्या ना? कशाच्या होत्या?"

पाहा मंडळी, काय प्रसंग आला! उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य बोललं की पोरगी निर्दोष ठरणार, सोयरीक कदाचित परत जुळणार, आणि बाईंच्या डोक्यावरचं ओझंही उतरणार. समोर बसलेल्या त्या मावशीच्या डोळ्यांत त्यांना स्वतःचेच डोळे दिसले, झाकण उचलतानाचे. किळस येऊन त्यांनी नजर वळवली.

"ते मी सांगणार नाय," बाई म्हणाल्या.

"म्हणजे काहीतरी होतंच!"

"असू द्या, नसू द्या. तिचं ती बघंल. मी घरमालकीण हाय. पोरगी भाडं वेळेवर देते, तिचा कोणाला त्रास नाय. याच्यापलीकडं मला काही विचारू नका."

विश्वजीत हातातल्या मोबाइलवर बोट फिरवत बसला होता. तो काहीच बोलला नाही. मावशीनं पण चहा विचारला नाही.

घरी येऊन बाईंनी झालं ते सगळं प्रेरणाला सांगितलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो गप्प बसला, होय? बरं झालं, लग्नाआधी कळलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं लपवलं नाही.

महिना संपायच्या आत तिनं दुसरी खोली पाहिली. बाईंनी विनवलं, "राहा ग. नवीन कुलूप लाव, करार करू, पिंप बाहेर ठेवू. मी जिना चढणार नाय, शपथ."

"तुमच्यावर आता राग नाही, काकू," प्रेरणा म्हणाली. "पण ह्या खोलीत मला झोप लागत नाही. कोणीतरी बघतंय असंच वाटतं."

टेम्पो सामान घेऊन गेला. बाई ओसरीवर बसून राहिल्या. शेजारची एक बाई लगबगीनं आली आणि कुजबुजली, "का गेली हो पोरगी? काही लफडं होतं का?" सत्यभामाबाई उभ्या राहिल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लफडं माझं होतं! मी तिचं कपाट उघडलं म्हणून ती गेली!"

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची वरची खोली भाड्यानं आहे, आणि अनेकजण कुणाच्या तरी वरच्या खोलीत राहतात. करार करा, कुलूप बदला, पिंप बाहेर ठेवा, हे सगळं कराच. पण कागद आणि कुलूप चोराला अडवतात, भोचकपणाला नाही. दुसऱ्याच्या पातेल्यात, कपाटात, अंथरुणात डोकावायची हौस आपल्या घराघरात आहे आणि आपण तिला काळजी म्हणतो. ती काळजी नव्हे, घाण आहे! जो दुसऱ्याच्या बंद दाराबाहेर उभा राहू शकत नाही, त्यानं आपल्या घरावर भाड्याची पाटी लावू नये.