डांबराखालची माणसं

माझ्या लेकीला, ओडेसाला, मी शाळेतून काढलं ते पुस्तकातल्या एका वाक्यामुळे. 'शेतांवर काम करण्यासाठी आफ्रिकेतून मजूर आणले गेले.' गुलाम नव्हे, मजूर! जणू पगार ठरवून, पेटी भरून आले होते.

मग आमच्यासारख्या पाच काळ्या अमेरिकन कुटुंबांनी मिळून मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं. इतिहासासाठी टॉलिव्हरबाईंना गळ घातली. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाई याच शहरात एकतीस वर्षं चौथीला शिकवून निवृत्त झालेल्या. दर गुरुवारी त्या मुलांना शहरात हिंडवायच्या. जहाजातून साखळदंडातली माणसं उतरवली तो धक्का, त्यांचा लिलाव व्हायचा ती गल्ली. "पायाखालून गेलं की डोक्यात राहतं," म्हणायच्या.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी त्यांनी आम्हाला गाड्यांच्या एका तळावर नेलं. दोन गाड्यांच्या मधे उभ्या राहून म्हणाल्या, "पोरांनो, या डांबराखाली आपली माणसं पुरलेली आहेत. तीनशेच्या वर. टोप्या काढा."

मुलांनी टोप्या काढल्या. तेवढ्यात पहारेकरी आला. चाळिशीचा, आमच्यातलाच.

"गाडी लावायचीय का? नाहीतर इथं थांबता येणार नाही."

"गाडी नाही, माणसं बघायला आलोय," बाई म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. "टॉलिव्हरबाई? मी कॉर्डेल. कॉर्डेल ब्रँच. खिडकीपाशी बसायचो."

"अगंबाई! कॉर्डेल! केवढा झालास रे!" बाईंनी त्याचा हातच धरला. मुलं हसायला लागली. मग आम्ही कशासाठी आलोय ते बाईंनी त्याला सांगितलं.

त्यानं हळूच हात सोडवून घेतला. "इथं? खाली?"

"हो."

"तुम्हाला कधीपासून माहितीय?"

"लहानपणापासून. आजी सांगायची."

"म्हणजे आम्हाला शिकवत होतात तेव्हाही?"

बाईंनी मान डोलावली.

"नऊ वर्षं मी इथं नोकरी करतोय, बाई. रोज दुपारी यांच्या छातीवर बसून डबा खातो. आणि वर्गात तुम्ही माझ्याकडून काय पाठ करून घेतलंत? 'बरेचसे मालक दयाळू होते.' घोटून घोटून. शंभरपैकी शंभर दिले होतेत. माझ्या आईनं तो कागद भिंतीला लावला होता."

"पुस्तकात तेवढंच होतं रे," बाई म्हणाल्या. "दुसरं काही शिकवलं असतं तर नोकरी गेली असती."

"बरोबर," कॉर्डेल म्हणाला. "माझीही जाईल. कॅमेरा चालू आहे. चला, निघा."

आम्ही निघालो. मुलांनी टोप्या हातातच धरल्या होत्या, घालायच्या की नाही ते त्यांना कळेना.

गाडीत ओडेसानं विचारलं, "आई, बाई खोटं शिकवायच्या?"

"गप्प बस गं!" मी खेकसले.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या नाहीत. फोन उचलेनात, म्हणून मी घरी गेले. स्वयंपाकघरात बसल्या होत्या, समोर कॉफी गार झालेली.

"मुलं वाट बघतायत, बाई."

"तुमची सातच आहेत," त्या म्हणाल्या. "माझी दरवर्षी तीस, अशी एकतीस वर्षं. ती सगळी या शहरातच आहेत गं. कुणी बस चालवतं, कुणी पहारा देतं. त्यांना कोण हिंडवणार?"

मी म्हणाले, "तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

"दार होतं," त्या म्हणाल्या. "वर्गाचं दार लावून घेऊन खरं सांगता आलं असतं. एकदाही लावलं नाही."

त्या पुन्हा आल्याच नाहीत. आता गुरुवारी मीच मुलांना नेते. मला बाईंइतकं येत नाही; सनावळ्या चुकतात, ओडेसा दुरुस्त करते. त्या तळाची गोष्ट पलीकडच्या फुटपाथवरून सांगते. कॉर्डेल आम्हाला बघतो, आणि पाठ फिरवून उभा राहतो.