कॅमेऱ्यात न आलेला बचाव

जठारपेठेत फुलं विकणाऱ्या गंगूबाईच्या नादी सहसा कोणी लागत नाही. शेवंतीचा भाव कमी करा म्हटलं की ती म्हणते, "सस्त्यात पाह्यजे तं प्लास्टिकची घ्या, बारा महिने टिकतात." पण एक प्रश्न असा होता की त्याच्यापुढं तिचं तोंड बंद व्हायचं. "मावशी, तुमच्या शेखरनं गोल किती मारले?"

एकही नाही. शेखर तिचा थोरला. अकोल्याच्या मोर्णा फुटबॉल क्लबात तो अगदी पहिल्या दिवसापासून खेळला, आणि खेळला तो कायम बचावात. क्लब पगारी खेळाडूंचा, राज्याच्या लीगमधला, म्हणजे काही गल्लीतला खेळ नव्हे. पण गोल मारणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. अडवणाऱ्याचा येत नाही, आणि आलाच तर समजायचं की टीम हरली. याचा गंगूबाईला भारी संताप. तिचा नवरा केशवराव अकोटकडच्या वावरात फुलं पिकवायचा आणि सकाळच्या एसटीनं पाठवायचा. ती म्हणायची, "पेरणाऱ्याचं कौतुक करता, अन् राखणाऱ्याचं काहून नाही? राखण नसली तं डुकरं ठेवतात का काही वावरात?"

मग ती आपला हुकमी किस्सा काढायची. सहा-सात वर्षांपूर्वी अमरावतीच्या अंबानगरी क्लबाशी मॅच होती. मोर्णा एका गोलनं पुढं, मॅच संपत आलेली. अमरावतीचा गोवर्धन गोलकीपरला चकवून पुढं निघाला, समोर गोल रिकामा, आणि शेखरनं त्याच्या पायातून बॉल काढला. ती मॅच जिंकली म्हणून क्लब लीगमध्ये टिकला, नाही तर तेव्हाच गाशा गुंडाळायची वेळ आली होती. गंगूबाईनं हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, कारण दिवस नवरात्राचे आणि दुकानात झेंडूच्या राशी. पण न पाहिलेलं सांगायला तिला कधी अडचण आली नाही. पहिल्या वर्षी तिच्या किस्स्यात शेखर नुसता धावला. दुसऱ्या वर्षी त्यानं उडी मारली. अलीकडं तर तो अर्धं मैदान ओलांडून हवेतूनच यायचा आणि डोक्यानं बॉल काढायचा. शेजारी हारांचं दुकान लावणारी बेबीताई म्हणायची, "मावशी, पुढच्या साली त्याले पंख लावा!"

यंदा क्लबाला दहा वर्षं झाली. मैदानाच्या लांब भिंतीवर क्लबाचे गाजलेले बचाव रंगवायचे ठरले, खाली खेळाडूचं नाव. गंगूबाईनं हे ऐकलं आणि तिचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांनी कोणाला तरी अक्कल आली म्हणायची! पण यादी लागली तेव्हा तिच्यात शेखर नव्हता.

ती तडक क्लबाच्या ऑफिसात गेली. भिंतीचं काम वर्षाली नावाच्या मुलीकडं होतं. पोरगी गुणाची. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्या मॅचचा व्हिडिओ लावला. गोवर्धन बॉल घेऊन निघतो आणि नेमका तेव्हाच कॅमेरा वळतो प्रेक्षकांतल्या ढोलताशाकडं. पोट्टे नाचताहेत, गुलाल उडतोय, मग एकदम गलका, आणि कॅमेरा परत येतो तोवर सगळे एकमेकांच्या गळ्यात.

"मुडदा बशिवला त्या कॅमेरावाल्याचा," गंगूबाई म्हणाली. "मॅच सोडून वरात काढून राहिला होता का?"

"मावशी, पेंटर व्हिडिओ पाहून चित्र काढणार आहे," वर्षाली म्हणाली. "मी लोकांना विचारलं. कोणी म्हणतं डोक्यानं अडवला, कोणी म्हणतं डाव्या पायानं. चुकीचं चित्र काढून कसं चालेल?"

डोक्यानं अडवल्याचं कुठून पसरलं, ते गंगूबाईला चांगलंच ठाऊक होतं.

शेखर आता क्लबाच्या लहान पोरांना शिकवायचा. घरी तो म्हणाला, "जाऊ दे ना माय. ज्यानं पाह्यलं, त्याले मालूम हाय."

"अन् ज्यानं नाही पाह्यलं, त्याचं काय? माह्यासारखीचं काय?"

दुसऱ्या दिवशी दुकान बेबीताईवर सोपवून गंगूबाईनं अमरावतीची एसटी धरली. तिनं ठरवलं होतं, अकोल्याच्या माणसाचं कोणी खरं मानणार नाही, पण ज्याची फजिती झाली त्याचं तर मानतील! गोवर्धनचं बडनेरा रोडवर टायरचं दुकान होतं. विचारत विचारत ती पोचली. माणूस आता अंगानं भरला होता, पोट शर्टाबाहेर डोकावत होतं. तिचं ऐकून तो हसायलाच लागला.

"काकू, मीच अकोल्याले येऊन माह्यी फजिती सांगू? डोकं फिरलं काय माह्यं?"

"नको सांगू," गंगूबाई म्हणाली. "भिंतीवर नागपूरवाल्याले अडवलं त्याचं चित्र हाय. वर्ध्याच्या एकाचं हाय. म्हंजे तेच खेळणारे होते, तू कोणीच नव्हता. वाघ अडवला तं लोक भिंतीवर काढतात, भाऊ. उंदराचं कोण काढते?"

गोवर्धनचं हसू जिथल्या तिथं राहिलं. त्यानं चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "नागपूरचा तो पोट्टा? त्याले तं सरळ पळताच येत नव्हतं." आणि कप खाली ठेवून म्हणाला, "रविवारी येतो."

गोवर्धन येणार हे गावभर झालं होतं, रविवारी सकाळी मैदानावर ही गर्दी! गोवर्धननं माइक घेतला आणि न लाजता सांगितलं, "बॉल माह्या पायात होता अन् या माणसानं काढला. उजव्या पायानं, घसरत येऊन. मले धक्का नाही, ओढाताण नाही." टाळ्या पडल्या. पण मागून एक जण ओरडला, "डोक्यानं काढला होता!" दुसरा म्हणाला, "डावा पाय, डावा!" दोघं आपसातच भिडले. पेंटरनं वर्षालीकडं पाहिलं. तेवढ्यात कोणी तरी आवाज दिला, "अरे, करूनच दाखवा ना!" आणि साऱ्या मैदानानं तेच लावून धरलं.

वर्षालीनं कॅमेरा लावला. शेखरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. गोवर्धनला म्हणाला, "तू हळू ये. मी हळूच घसरतो. दोघांचीबी वयं झाली आता."

"हळूच येतो बे."

आणि तो निघाला खरोखर हळू. क्लबाचा गोलकीपर ठरल्याप्रमाणं पुढं आला, ठरल्याप्रमाणं चकला आणि बाजूला झाला. समोर रिकामा गोल. पण बाप्पा, रिकामा गोल दिसला की गोवर्धनच्या पायांना ठरलं-बिरलं काही आठवत नाही! पोट आत गेलं, मान खाली गेली आणि तो टायरवाला असा सुटला की लोक बसल्या जागेवरून उठले.

गंगूबाई पुढं सरसावली. हा आता गोल मारणार. कॅमेऱ्यादेखत मारणार, आणि मग शेखरनं याला कधी काळी अडवलं होतं, यावर या मैदानात कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि या दगाबाजाला तिनंच बोलावून आणलं होतं! "शेखर!" ती ओरडली. "पळ रे, तो खराच चालला!"

शेखरच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. तो गोवर्धनमागं धावलाच नाही. बॉल पुढं जिथं असणार होता, तिकडं तिरपा धावला. गोवर्धननं पाय उचलला आणि त्याच क्षणी शेखर मांडीवर घसरत आला, उजवा पाय लांब केला आणि बॉल दाबून धरला. गोवर्धनला हातही लागला नाही. त्याचा पाय मोकळ्या हवेत फिरला, तो स्वतःभोवती गिरकी खाऊन जाळीत जाऊन पडला. गोलमध्ये गोवर्धन गेला, बॉल नाही गेला.

मैदान नुसतं गर्जत होतं. गंगूबाई उभी होती, तोंडावर हात, डोळ्यांत पाणी. इतकी वर्षं ती ज्याच्याबद्दल बोलत आली, ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं होतं. माझा पोरगा असा खेळतो? असा खेळत होता, आणि मी झेंडू मोजत बसले होते?

"तू हळू येणार होता ना बे?" शेखरनं धापा टाकत विचारलं. त्याची मांडी सोलून निघाली होती.

"रिकामा गोल दिसला, मंग काय करू?" जाळीतून उत्तर आलं. मग गोवर्धन उठला, कपडे झटकले आणि लोकांकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "आता तरी पटलं काय? तवाबी असाच काढला होता यानं!" त्यानं शेखरचा हात धरून वर केला, आणि मघाचे दोघं भांडणारेही टाळ्या वाजवू लागले. पेंटर चॉक घेऊन भिंतीकडं निघालाच होता.

सोमवारी दुकानापुढं ही रांग. फुलं निम्म्यांनाच हवी होती. बाकीचे किस्सा ऐकायला आले होते. बेबीताईनं सगळ्यांच्या आधी विचारलं, "सांगा मावशी, काय झालं?"

"गोवर्धन बॉल घेऊन निघाला," गंगूबाई म्हणाली. "शेखर बॉलच्या वाटेवर गेला. घसरत आला अन् बॉल धरला."

बेबीताई वाट पाहत राहिली. "बस, एवढंच? उडी नाही मारली?"

"नाही."

"अर्धं मैदान नाही पळाला?"

"कशाले पळन?" गंगूबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. "माह्या पोराले बॉल कुठं येणार ते मालूम होतं."